नुकसान कुठे कमी होईल

मुलीला सातवीपर्यंतच वर्ग असलेल्या शाळेत घातलं, तेव्हा पुढचं पुढे बघू असं दोघांनी ठरवलं होतं. ते पुढचं आता दारात येऊन उभं राहिलं होतं आणि आईच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

मुलीला घरात खार म्हणत. कुठलीही वस्तू दोन्ही हातांत धरून, नाकाशी नेऊन, उलटसुलट बघितल्याशिवाय ती खाली ठेवायची नाही म्हणून. अभ्यासात ती कुठे कमी नव्हती. पण गोंगाट वाढला की कानांवर हात दाबून बाकाखाली शिरायची, अचानक कुणी हात लावला तर किंचाळायची, आणि बोलायची ते मोजकं नि सरळ. समोरच्याला बरं वाटो की वाईट. डॉक्टरांनी त्याला स्वमग्नता म्हटलं होतं. आईला त्या शब्दाचाही राग यायचा. "स्वतःत कसली मग्न? ही तर जगातल्या एकूण एक स्क्रूत मग्न!"

आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दुकानाच्या मालकांकडून अर्ध्या-अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून आईची जीभ झिजली होती.

विशेष मुलांच्या शाळेतल्या बाई खारीशी बराच वेळ बोलल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही हुशार आहे. इथे हिचं नुकसान होईल. नेहमीच्या शाळेत घाला."

नेहमीच्या शाळेतले सर म्हणाले, "हुशार आहे, प्रश्नच नाही. पण आमच्या एका वर्गात एवढी मुलं. इथे हिचं नुकसान होईल. विशेष शाळेत घाला."

"म्हणजे नुकसान ठरलेलंच आहे," आई म्हणाली, "कुठे कमी होईल, तेवढं सांगा!"

सर हसले. आई विनोद करत नव्हती.

त्यात आत्याचा रोज फोन. "वहिनी, माझं ऐक, एक वर्ष घरीच ठेव. आपोआप सुधारेल." आई फोन तसाच बाबांच्या हातात द्यायची. बाबा "हो ताई, हो ताई" करत गॅलरीत जायचे.

मग ती बस डेपोमागची शाळा. भिंतींचे पोपडे निघालेले, जिन्याचा कठडा हलणारा. मुख्याध्यापक टेबलावरचा पंखा ठोकून सुरू करायच्या खटपटीत होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बघू. आज एक तास बसवून तर बघा."

विज्ञानाचा तास होता. आई-बाबा दाराबाहेर उभे. सर उंच, खोकणारे, कपाळावर कायमची आठी. खारीने आत जाताच बाकावर पाय घेतले आणि समोरचा चुंबक उचलून नाकाशी नेला.

"ए नवीन! पाय खाली. आणि तो चुंबक वास घ्यायला ठेवलेला नाही," सर कडाडले. लगेच मागच्या बाकाकडे वळून, "तुम्ही दोघी काय दात काढताय? वह्या उघडा!"

आईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तास संपताच तिने खारीला बाहेर घेतलं. "चला. ही काय शाळा आहे? पहिल्याच दिवशी खेकसतात माझ्या पोरीवर!"

आता राहिली होती एकच, ती मोठी, नावाजलेली शाळा. तिथे चाकांच्या खुर्चीसाठी उतरता रस्ता होता, गोंगाट नको झाला तर बसायला गाद्यांची शांत खोली होती आणि हळू आवाजात बोलणाऱ्या समुपदेशक बाई होत्या. अशा मुलांसाठी जागा मात्र अगदी थोड्या. आईने त्या बाईंना इतके फोन केले की शेवटी त्या "हॅलो" म्हणायच्या आधीच उसासा टाकायला लागल्या. जागा मिळाली. एक दिवस वर्गात बसवून बघू आणि मग प्रवेश पक्का, असं ठरलं.

त्या दिवशी समुपदेशक बाईंनी सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. खार आत आली, टाळ्या. फळ्यावर आपलं नाव लिहिलं, टाळ्या. डब्याचं झाकण उघडलं, तरी टाळ्या. संध्याकाळी बाई पाणावल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "किती गोड आहे हो!" आईला गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवेश पक्का करायला जायचं, तर खार बूट घालेना.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"ती शाळा."

आईने आधी समजावलं, मग आमिष दाखवलं, मग तिचा बांध फुटला. "तुला कळतंय का काही? या शाळेसाठी माझ्या चपला झिजल्या!"

खारीने दारातली चप्पल उचलली, उलटी केली. "झिजली नाही. टाच नवी आहे."

बाबांना हसू फुटलं. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते हसू तिथेच विरलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आदळायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

बाबा खारीशेजारी जमिनीवर बसले. तिच्याकडे न बघता, बुटाच्या नाडीशी चाळा करत त्यांनी विचारलं, "आवाज होतो का तिथे?"

"टाळ्या. मी काहीच केलं नव्हतं. तरी टाळ्या."

"मग कुठे जायचं?"

"खोकणाऱ्या सरांकडे."

"अगं, ते तर ओरडले तुला!"

"सगळ्यांना ओरडतात," खार म्हणाली. "मागच्या दोघींना पण. सारखंच."

नळ बंद झाला. आई ओल्या हातांनी दारात उभी होती. "म्हणजे मी एवढ्या उंबरठ्यांवर डोकं आपटलं, ते त्या पोपड्यांसाठी?" तिचा आवाज चढला होता, पण पर्सही तिनेच उचलली.

डेपोमागच्या शाळेत आईने मुख्याध्यापकांना एकेक गोष्ट बजावली. घंटेजवळचा बाक नको. न सांगता हात लावायचा नाही. असह्य झालं तर तिला वर्गाबाहेर जाऊ द्यायचं, आणि त्यासाठी बोलणी खायला लागता कामा नयेत. मुख्याध्यापकांनी विज्ञानाच्या सरांना बोलावून घेतलं.

"मला यातलं काही कळत नाही," सर खोकत म्हणाले. "माझा आवाज असाच आहे. कमी करून बघतो, पण विसरेन."

"विसरलात तर मी आठवण करून द्यायला येईन," आई म्हणाली.

"या," सर म्हणाले. त्यांच्या कपाळावरची आठी तशीच होती.

आई खरंच गेली, आणि एकदा नाही. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी खारीचं दप्तर लपवलं आणि ती जिन्याखाली शिरून बसली, बाहेर येईना. मग गणिताच्या बाईंची फळ्यावरची चूक तिने भर वर्गात दाखवली आणि बाई रुसल्या. दर फोनला आई हातातली काच ठेवून धावायची, दुकानाचे मालक कपाळाला हात लावायचे आणि रात्री जेवताना ती बाबांना ऐकवायची, "घ्या, तुमच्या लेकीची निवड!"

पावसाळा सरता सरता पुन्हा फोन आला. शाळेचे शिपाईकाका म्हणाले, "ताई, तुमच्या मुलीला वर्गाबाहेर उभं केलंय." आई भांडणाची वाक्यं जुळवतच जिना चढली.

व्हरांड्यात भिंतीला टेकून तिघी उभ्या होत्या. मागच्या बाकावरच्या त्या दोघी आणि मधे खार. एक काहीतरी कुजबुजली, आणि खार तोंडावर हात दाबून खुसुखुसू हसली.

दारातून सरांचं डोकं बाहेर आलं. "बरं झालं आलात. ही तासभर बडबडतेय. शेजारणींनाही बोलायला लावते. घरी सांगा जरा हिला."

आईची जुळवलेली वाक्यं सगळी पांगली. या मुलीला कुणी 'बडबडते' म्हणाल्याचं तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

"सांगते," ती कशीबशी म्हणाली. मग खारीकडे वळून तिने शक्य तितका कडक चेहरा केला. "काय गं, तासाला गप्पा मारतात का?"

"मारतात," खार म्हणाली.

बाकीच्या दोघी फिस्सकन हसल्या. सर आत गेले आणि त्यांनी दार आपटलं.