मोडीत निघालेली 'फिदेल'

बोट मोडीत काढायचं ठरलं, त्याच संध्याकाळी हेही ठरलं की ओनेसिमला काही कळू द्यायचं नाही. ठरवलं मार्सलीननं, त्याच्या सुनेनं. तिच्या नवऱ्यानं, रेमीनं, नुसती मान डोलावली. तो जन्मभर मानच डोलावत आला होता. आधी बापापुढे, मग बायकोपुढे.

'फिदेल' जुनी लाकडी बोट. कोळसा, गहू, बीट वाहून वाहून तिचं बूड मऊ पडलं होतं. रोज सकाळी पंप मारून पाणी उपसावं लागायचं, आणि लोखंडी बोटी असताना तिला माल देणार कोण? रेमीला शोनीजवळच्या साखर कारखान्यात काम मिळालं होतं, राहायला दोन खोल्या होत्या. म्हाताऱ्यासाठी काँपिएन्यला नन्सच्या आश्रमात एक खाट पाहून ठेवली होती. आणि बोटी फोडणाऱ्याचा धक्का त्याच वाटेवर, वाझ नदीच्या एका वळणावर होता.

"क्रेईला चाललोय मामंजी, वाळू भरायला," मार्सलीन म्हणाली. "चांगलं काम आहे. वर्षभर पुरेल."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे न बघता विचारलं, "रेमी, ही मातीवाली काय म्हणतेय?"

"वाळू, बाबा," रेमी पुटपुटला.

लग्न होऊन बोटीवर आल्यापासून तिचं नाव हेच. मातीवाली. तिचा बाप शेतकरी होता, पाण्यावर जन्मलेल्या माणसांत ती काठावरून उचलून आणलेली. म्हाताऱ्यानं तिला मार्सलीन म्हणून एकदाही हाक मारली नव्हती. तेही तिनं गिळलं असतं. पण तिची आई गेल्याची बातमी आली, तेव्हा 'फिदेल' तिच्या गावापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होती. पुढच्या लॉकपाशी, म्हणजे कालव्यातलं पाणी चढवून-उतरवून बोटी पलीकडे सोडणाऱ्या दरवाजांपाशी, बोटींची रांग लागलेली. मार्सलीननं हात जोडले, एक दिवस थांबा म्हणून. ओनेसिमनं सुकाणू सोडलं नाही. "मेलेल्यांना घाई नसते," तो म्हणाला. "रांगेला असते." ती काठावर उडी मारून चालत निघाली. पोचली तेव्हा खड्डा बुजवून माणसं घरी गेली होती.

तेव्हा आता हे खोटं बोलताना तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

वाळूचं ऐकून म्हाताऱ्याला पालवीच फुटली. त्यानं कोठीतून रंगाचे डबे काढले. "नव्या मालकाच्या दारात भिकाऱ्यासारखं जायचं नाही," म्हणून दुसऱ्याच दिवसापासून तो रंगवायला बसला. बोट माणसाच्या चालीनं सरकायची, दोन्ही बाजूंनी पॉप्लरची झाडं मागं जायची, आणि म्हातारा केबिनच्या भिंतीवर हिरव्या रंगाची पट्टी ओढत असायचा. खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या. नाळेवरची, बोटीच्या पुढच्या टोकावरची, नावाची अक्षरं लाल. रेघ वाकडी जाऊ नये म्हणून एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरायचा.

"पांढरा कमी पडतोय," तो एकदा म्हणाला.

"आणते की, मामंजी," मार्सलीन म्हणाली, आणि पुढच्या गावातून खरंच डबा घेऊन आली. त्या डब्याचे पैसे देताना तिला फार बरं वाटलं.

रेमीला मात्र घास जाईना. रात्रीच्या जेवणाला बाप बटाटे सोलता सोलता बोलत राहायचा: वाळू ओली भरायची की कोरडी, ताडपत्री नवी घ्यावी का. रेमी ताटात बघून "हो बाबा" म्हणायचा. एका दुपारी इंजिनापाशी त्यानं बायकोला गाठलं.

"मी सांगतो त्यांना. हे बघवत नाही मला."

"सांग की. मी कुठं तोंड धरलंय तुझं? तो बघ, समोरच बसलाय. जा."

रेमी दोन पावलं गेला. म्हाताऱ्यानं ब्रश वर करून विचारलं, "काय रे?"

"काही नाही. डांबर आहे का विचारायला आलो."

मार्सलीन इंजिनाच्या आडोशाला उभी होती. तिला हसू आवरेना.

वाटेतल्या लॉकवाल्यांना ती आधीच गाठून सांगून ठेवायची, कोणी चुकून बोलून जाऊ नये म्हणून. बहुतेकांनी खांदे उडवले. झेली नावाची एक जाडजूड विधवा लॉक सांभाळायची, अंडी आणि सशाचं मटणही विकायची. तिनं ऐकून डोळे मोठे केले. "बाई गं! आणि तो रंगवतोय?" मार्सलीन घेतलेली अंडी तिच्याकडेच ठेवून पलीकडं पाव आणायला गेली. परत आली तोवर 'फिदेल' लॉकमध्ये शिरली होती. मागचे दरवाजे मिटले, पाणी उतरू लागलं, बोट हळूहळू दगडी भिंतींच्या मध्ये खाली जाऊ लागली. झेली वरून वाकून ओरडली, "रंग झकास झालाय हो ओनेसिमदादा! किती वर्षं टिकेल?"

"माझ्यापेक्षा जास्तच," म्हातारा खालून ओरडला.

झेली पोट धरून हसली. म्हाताराही हसला. मार्सलीनला तर केबिनमध्ये जाऊन तोंडात पदर कोंबावा तसा एप्रन कोंबावा लागला.

कालवा संपून बोट नदीत आली. पाणी रुंद झालं. मार्सलीननं हट्टानं सुकाणू म्हाताऱ्याच्या हातात दिलं. "तुम्हीच न्या, मामंजी. नदी तुमच्याइतकी कोणाला माहीत आहे?"

वळणावर तो धक्का दिसला. बोट वेगानं जाणारी असती तर एका क्षणात समोर येऊन उभा राहिला असता. पण तो लांबून दिसला, आणि बराच वेळ दिसत राहिला. काठाच्या चिखलात अर्ध्या बोटी उभ्या होत्या, फासळ्या उघड्या पडलेल्या. फळ्यांचे ढीग होते, एका ढिगावर कोंबड्या बसल्या होत्या. मार्सलीन म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. ती याच क्षणासाठी थांबली होती.

"डावीकडे घ्या, मामंजी," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं डावीकडे घेतली. दोन मोडक्या सांगाड्यांच्या मधल्या जागेत त्यानं 'फिदेल' अशी नेऊन लावली की ओल्या रंगाला कुठं ओरखडाही आला नाही. मग हात पुसले आणि केबिनमध्ये जाऊन बसला.

त्याच्या चेहऱ्यावर तिला हवं ते काहीच उमटलं नाही.

धक्क्यावरचा मुकादम आला. रेमीनं दारातून हाका मारल्या. "बाबा, चला. बाबा, गाडी आलीय." म्हातारा आत चूल पेटवत राहिला. शेवटी मुकादम म्हणाला, "बसू दे त्याला. मी नाळेकडून सुरुवात करतो. थंडी लागली की येईल बाहेर."

आणि त्यांनी खरंच सुरुवात केली. पहारीचा घाव बसला की सगळी बोट हादरायची आणि केबिनमधल्या बशा वाजायच्या. लाल अक्षरांची फळी पहिली निघाली, कोणीतरी ती ढिगावर फेकली. दुसऱ्या दिवशी माल भरायच्या पोकळीचा पुढचा भाग गेला. रेमी काठावर पाठ करून उभा राहायचा. म्हातारा आत चुलीपाशी बसून कॉफी करून प्यायचा.

शेवटी मार्सलीनच आत गेली. काय बोलायचं ते तिनं घोकून ठेवलं होतं: मेलेल्यांना घाई नसते, मोडणाऱ्यांना असते. पण म्हाताऱ्यानंच तिला समोरची खुर्ची दाखवली.

"बस, मार्सलीन."

ती खुर्ची ओढून बसली.

"मला झेलीनं सांगितलं होतं," तो म्हणाला. "तू पाव आणायला गेलीस तेव्हा. टिकाऊ रंगाचं तिला बोलायला मीच लावलं. तू किती हसलीस! भिंतीतून ऐकू येत होतं."

"मग रंगवत का बसलात?"

"बघत होतो. तो माझ्या ताटाशी बसून किती दिवस गप्प राहतो ते." त्यानं दाराबाहेर बोट केलं. पहारीचा घाव बसला, बशा वाजल्या. तो आवाज थांबेपर्यंत तो थांबला. "तुझं मला समजतं. तुझ्या आईच्या वेळी मी थांबलो नाही. तू माझा राग करतेस, ते बरोबरच आहे. त्याचं मी काय घोडं मारलं होतं? जेवताना रोज त्याला वाट काढून देत होतो. वाळू ओली की कोरडी? 'वाळू कसली, बाबा,' एवढंच त्यानं म्हणायचं होतं."

"मी सांगू त्याला, की तुम्हाला सगळं ठाऊक होतं?"

"सांग. त्यालाही कळू दे."

तो उठला, टोपी घातली आणि फळीवरून काठावर उतरला. रेमीनं आधाराला हात पुढं केला. म्हातारा त्या हाताला वळसा घालून गाडीकडे गेला, वाटेत खुंटी असावी तसा.

आश्रमात त्यानं ननला एकच गोष्ट बजावली: मुलाला आत सोडायचं नाही, सुनेला सोडायचं. दोघं रविवारी यायची. रेमी स्वच्छ दाढी करून, टोपी हातात धरून फाटकाजवळच्या बाकावर बसायचा. थंडीतही. मार्सलीन आत जायची. म्हातारा तिच्याशी पत्ते खेळायचा, तिच्या नव्या घरातल्या चुलीची चौकशी करायचा, तिला नावानं हाक मारायचा. तिला वाटायचं, पुढच्या रविवारी यायचं नाही. पुढच्या रविवारी ती पुन्हा यायची, पत्ते पिसायची. मुलाचं नाव निघालं की तो पत्ते खाली ठेवून खिडकीकडे बघायचा, म्हणून तिनं ते काढायचं सोडलं.

म्हातारा वसंतात गेला. त्या दिवशीही तिला आत घेतलं, रेमी बाकावरच होता. ती बाहेर आली तेव्हा तो उठून उभा राहिला.

"माझ्याबद्दल काही म्हणाले?"

ती काहीतरी चांगलं सांगू शकली असती. खोटं बोलणं तिला जड नव्हतं. तिनं त्याच्याकडे बघितलं, त्या हातातल्या टोपीकडे, आणि तिला त्याचा इतका वीट आला की ती म्हणाली, "नाही. चल, बस निघून जाईल."