येरोफेईचा ऑपेरा

रशियातल्या कोस्त्रोमाकडच्या अर्कादी ल्वोविच या जमीनदाराच्या पदरी तीनशे माणसं होती, त्यांतलाच येरोफेई एक. मालकांनी त्याला व्हायोलिन शिकवलं, पुढे जर्मन मास्तर ठेवून संगीतरचनाही शिकवली. हौशीने शिकारी कुत्रा तयार करावा तशी. तरी माणूस मालकीचाच. उद्या जमिनीबरोबर विकला असता तरी कुणी विचारलं नसतं.

दोन वर्षं खपून येरोफेईने ऑपेरा लिहिला. व्होल्गेवरचा नावाडी, त्याची मुलगी आणि तिला पळवून नेणारा दरोडेखोर. त्यातल्या बायकांच्या विलापाची चाल त्याने गावातल्या मयताच्या घरी उभं राहून ऐकलेली.

मालक म्हणाले, "नाव माझं लागेल. पण मॉस्कोत चालला ना, तर तुला मोकळं करीन. शब्द देतो."

मॉस्कोत ऑपेरा नुसता चालला नाही, गाजला. येरोफेई वादकांत मागच्या रांगेत बसून वाजवत होता. विलाप सुरू झाला तशी वरच्या सज्जातली माणसं डोळे पुसू लागली. शेवटी "रचनाकार! रचनाकार!" असा एकच गलका झाला आणि अर्कादी ल्वोविच छातीवर हात ठेवून रंगमंचावर वाकले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, याचाच येरोफेईला जास्त संताप आला.

सकाळी तो त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. मालक चहाबरोबर चेरीचा मुरंबा खात होते.

"सरकार, तुमचा शब्द..."

"अरे वेड्या, ऑपेरा पडला असता तर आत्ता सोडला असता तुला! पण थिएटरवाले पुढच्या हिवाळ्याला दुसरा मागताहेत. तो कोण लिहिणार, मी?" आणि ते मनापासून हसले.

"मी नाही लिहिणार."

"मग घोड्यांची लीद काढ."

त्याने काढली. सारा हिवाळा काढली. बोटांना भेगा पडल्या. बायको उस्तीन्या म्हणायची, "वाकू नकोस हं. कोबीच्या पाण्यावर दिवस काढू, पण त्या मेल्यापुढे वाकू नकोस." आयुष्यात पहिल्यांदाच तिला नवऱ्याचा अभिमान वाटत होता.

वसंतात नदीवरचा बर्फ फुटला, आणि तबेल्यात उभ्या उभ्या येरोफेईला एक चाल सुचली. चार दिवस त्याने ती दाबून ठेवली. पाचव्या दिवशी हात धुतले आणि हवेलीवर जाऊन कोरे कागद मागितले. मालकांनी उठून त्याला लिदीच्या वासासकट मिठी मारली.

घरी उस्तीन्याने कागद पाहिले. "पुन्हा त्यालाच देणार?"

"मग कुणाला देऊ? वाजवणारे त्याच्याकडे आहेत."

"आणि मी काय बावळट म्हणून उपाशी राहिले?"

तो कागदांवर सुरांच्या रेघा ओढायला बसला. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. दुसरा ऑपेरा पुढच्या हिवाळ्यात झाला. तो पहिल्यापेक्षाही सरस होता.