पेशंट कोण?

रक्त जात होतं मला, आणि डॉक्टरांसमोर पेशंट म्हणून बसले होते आमचे हे.

योजना माझीच. कारेलीबागेत मूळव्याधीचा डॉक्टर म्हणजे तन्मय, आणि तन्मय म्हणजे माझ्या ट्यूशनला रडत रडत भागाकार शिकलेला मुलगा. त्याच्यासमोर मी हा विषय काढायचा? मेले तरी नाही! पण सहन तरी किती करायचं? शिवाय ऑपरेशनची धास्ती. माझ्या वडिलांना त्यानंतर पालथं पडून कण्हताना मी पाहिलं होतं. म्हणून ठरवलं, दुखणं ह्यांच्या नावावर टाकायचं, प्रश्न आपण विचारायचे आणि उत्तरं घेऊन घरी यायचं. आमचे जनार्दनराव भिडस्त माणूस. “वांधा नाही,” म्हणाले.

“काका, त्रास काय होतो?” तन्मयनं विचारलं.

“ह्यांना रक्त जातं,” मी म्हणाले. “कापावंच लागतं का रे?”

“दर वेळी नाही, टीचर. आतला कोंब असेल तर त्याच्या मुळाशी बारीकसं रबर बसवतो. रक्त पोचत नाही, कोंब सुकतो आणि आपोआप गळून पडतो. बहुतेकांना भूलही लागत नाही.”

“रबर? ते आत बसवतात कशानं? सुटलं तर?”

हातमोज्याचं एक बोट फुगवून त्यानं नळीसारख्या यंत्रानं त्यावर रबर चढवलं. टक्! इतकंच? मी खुर्ची पुढे ओढली. “परत दाखव.”

त्यानं परत दाखवलं. मी खूश. “मग बसवून टाक की!”

“आधी तपासतो. रक्त मूळव्याधीचंच आहे की आणखी कशाचं, ते पाहायला हवं. काका, टेबलावर चला.”

हे माझ्याकडे बघू लागले. मी पर्समध्ये बघू लागले. ‘आणखी कशाचं’ एवढंच कानात घुमत होतं.

आणि हे उठले. “चालो,” असं गुजरातीत म्हणत पट्टा सोडायला लागले. अंगाला काही झालेलं नसताना, केवळ माझी लाज झाकायला.

मला भडभडून आलं.

“अहो, बसा खाली,” मी म्हणाले. “तन्मय, पेशंट मी आहे.”

तन्मय हसला नाही. त्यानं नर्सला हाक मारली आणि पडदा ओढून घेतला. मी टेबलावर चढले.

“स्नेहल,” पलीकडून ह्यांचा आवाज आला, “मी इथेच उभा आहे.”