सीजी शून्य चार, पुढचं दिसलं नाही

"अक्षरं मोठी काढजो, तुळशीरामभाऊ. दुरून वाचता आली पायजेत."

मित्रांनो, मी ऐकलेलं पहिलं वाक्य ते. माझा मालक नरहरी हा पेंटरच्या दुकानात उकिडवा बसून सांगत होता. तुळशीराम पेंटर ब्रश पुसत म्हणाला, की अक्षरं मोठी काढतो, पण पत्रा आहे तेवढाच आहे, तो काही मला मोठा करता येत नाही.

मी एका मालवाहू टेम्पोची जुनी नंबरप्लेट आहे. पिवळा पत्रा, काळी अक्षरं. माझा एक कोपरा आता दुमडलेला आहे. तो कसा दुमडला, तेवढंच मला सांगायचं आहे.

आम्हा पाट्यांचं घराणं मोठं. प्रत्येकीच्या अंगावर आधी राज्य, मग गाव, मग जिचा तिचा नंबर. मी सीजी शून्य चार. सीजी म्हणजे छत्तीसगड आणि शून्य चार म्हणजे आमचं रायपूर. दुर्गच्या बहिणी शून्य सात, बिलासपूरच्या दहा. नागपूरची एमएच एकतीस दिसली की नरहरी हॉर्न वाजवायचा, कारण त्याचे आजोबा तिकडूनच रेल्वेत नोकरीला आले होते. ओळख ना पाळख, तरी हॉर्न. आमची पहिली चार अक्षरं गाव सांगतात. गाडी कोणाची, ते शेवटच्या आकड्यांवरून कळतं.

नरहरीची बायको विनोदिनीबाई फार देवाची. टेम्पो दारात आला त्या दिवशी त्यांनी नेम धरला. रोज सकाळी ओल्या फडक्यानं मला पुसायचं, कुंकवाचं बोट लावायचं, आणि गाडी गल्लीबाहेर गेली की मगच चहा घ्यायचा. अंगात ताप असो, उपास असो, नेम चुकला नाही.

उरल्याच्या कारखान्यांतून लोखंडी सामान उचलायचं आणि गोल बाजारातल्या दुकानांत पोचवायचं, हे आमचं काम. उरल्याची काळी धूळ अशी, की दुपारपर्यंत सगळ्या पाट्या सारख्याच दिसतात. मी मात्र लांबून ओळखू यायचे. बाकीचे ड्रायव्हर नरहरीला चिडवायचे, "भैया, टेम्पो चलाते हो कि मंदिर?" तो हसायचा. मलाही अभिमान वाटायचा. सात वर्षं अशी गेली.

मग गेल्या वैशाखातली ती दुपार आली. उरल्याची पहिली पाळी सुटली होती. रस्ताभर सायकली होत्या. गोल बाजारातल्या दुकानदाराचा फोन आला, कुठवर आलास म्हणून, आणि नरहरीनं मान खाली घातली. क्षणभरच. पण गाडीला क्षण पुरतो.

मी सगळ्यांत पुढे होते. मित्रांनो, जे झालं ते आधी मला लागलं. एक निळी सायकल होती. तिच्यावरचा पोरगा आईला फोनवर सांगत असावा तसा हसरा होता, आणि मग तो रस्त्यावर होता.

नरहरी थांबला. खरंच थांबला. त्यानं दाराच्या कडीला हात घातला. तेवढ्यात लोक ओरडत धावले, त्याचा हात कडीवरून निघाला आणि टेम्पो सुसाट पुढे सुटला. मागच्या पाटीवर ताडपत्रीचं टोक लोंबत होतं. एका चहावाल्याला फक्त पहिली चार अक्षरं दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनोदिनीबाई फडकं घेऊन आल्या. टेम्पो भिंतीला नाक लावून उभा होता. त्या अंधाऱ्या फटीत त्या कशाबशा वाकल्या. माझ्या अंगावर लाल दिसलं.

"काल कुंकू जास्त लागलं वाटते," त्या म्हणाल्या. त्यांनी ते हळूच पुसलं आणि त्याच जागी नवं बोट लावलं. नरहरी मागे उभा होता.

त्याच दिवसांत जुन्या गाड्यांनाही नव्या सरकारी पाट्या लावायचा हुकूम निघाला होता. नरहरीला ते बरंच झालं. त्यानं मला स्वतः उतरवलं आणि पोत्यात गुंडाळून धान्याच्या पिंपामागे ठेवलं. भंगारात टाकलं नाही, कारण सात वर्षं कुंकू लागलेली वस्तू भंगारात जात नाही. तिला नदीत सोडायचं असतं. बायकोला म्हणाला, महादेव घाटावर जाशील तेव्हा घेऊन जाजो.

पिंपामागून मी घरातलं सगळं ऐकत होते. तो सायकलवाला पोरगा म्हणजे पलीकडच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, भीमाबाईंचा इंद्रजीत. अर्धा तास रस्त्यावर पडून होता. संध्याकाळी गेला. विनोदिनीबाई भेटायला जाऊन आल्या आणि त्यांनी नरहरीला सांगितलं, की ती माय आता रोज रस्त्याच्या कडेला बसते. तिला अक्षरं येत नाहीत. चहावाल्यानं सांगितलेलं सीजी शून्य चार तिनं कोणाकडून तरी चिठ्ठीवर लिहून घेतलं आहे. गाडी आली की चिठ्ठीकडे पाहते, मग पाटीकडे पाहते. आणि रायपुरात तर प्रत्येक दुसरी गाडी जुळते. प्रत्येक गाडीला ती उठून उभी राहते.

"मले म्हणाली, भांडाचं नाही मले. फक्त विचाराचं आहे, तू थांबला काहून नाही," विनोदिनीबाई सांगत होत्या. "मी तिचा हात धरून म्हटलं, मले काही समजलं, तर मी तुले येऊन सांगीन."

नरहरीनं ताट बाजूला सारलं. पोट दुखते म्हणाला.

सोमवार उजाडला. निर्माल्याची पिशवी भरून झाल्यावर विनोदिनीबाईंनी मला पोत्यातून काढलं आणि अंगणातल्या उन्हात धरलं. नदीत सोडण्याआधी शेवटचं बोट लावावं, म्हणून त्यांनी कुंकवात बोट बुडवलं. मग त्यांना कोपरा दिसला. दुमडीत निळा रंग खरवडून बसला होता. इंद्रजीतनं चौदा एप्रिलसाठी सायकल स्वतः निळी रंगवली होती, हे भीमाबाईंनीच त्यांना सांगितलं होतं. त्या निळ्याच्या आत, जिथे फडकं पोचत नाही तिथे, काहीतरी वाळून काळं पडलं होतं.

कितीतरी वेळ त्या आपल्या बोटाकडे पाहत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी नरहरीला विचारलं.

"त्या दिवशी मी काय पुसलं?"

त्यानं खाली बसून सगळं सांगितलं. भेलो म्हणाला. लोकांनी मारून टाकलं असतं म्हणाला. नंतर रोज जायचं ठरवत होतो, पण पाय उचलत नव्हते. शेवटी हळू आवाजात म्हणाला, "आपली पोरगी रूपाली बारावीत आहे. मी आत गेलो, तर तिचं काय?"

"मले माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण मी शब्द देऊन आली, अन् ती उन्हात बसून राहिली."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज मात्र देवासमोर बोलतात तसा हळू होता. नरहरी म्हणाला, निदान मी आधी पोलीस ठाण्यात जाऊन येतो. त्या म्हणाल्या, या जाऊन. मी तिच्याकडे जाते.

मित्रांनो, मी पत्र्याची आहे. मला रडता येत नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल, गाड्या चालवाल. तुमची पाटी स्वच्छ ठेवा, तिला हारफुलं घाला, पण रस्त्यावर कोणी पडलं तर आधी थांबा. भीती सगळ्यांनाच वाटते. दाराच्या कडीवर गेलेला हात मागे घेऊ नका. तेवढा हात पुढे गेला असता, तर एक माय आज घरात असती आणि मी अजून टेम्पोवर असते.

विनोदिनीबाईंनी पिशवीतलं निर्माल्य तुळशीपाशी काढून ठेवलं. बोटावरचं कुंकू धुतलं. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही. मला पिशवीत ठेवून, पदर डोक्यावर घेऊन त्या निघाल्या. नदीचा रस्ता मागे राहिला. पलीकडच्या पाऱ्याच्या तोंडाशी भीमाबाई बसल्या होत्या. एक टेम्पो आला, त्या उठून उभ्या राहिल्या, चिठ्ठीकडे पाहिलं, पुन्हा बसल्या.

विनोदिनीबाईंनी पिशवी छातीशी धरली आणि रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं.