बरी

योजनेच्या यादीत माझ्या नावापुढे दोनदा 'बरी' लिहिलं गेलं, आणि दोन्ही वेळा मला कुणी विचारलंच नव्हतं.

झालं असं की कळा सुरू असताना दवाखान्यातल्या अर्जावर नवऱ्याने घाईघाईत त्याच्या आईचा नंबर टाकला. सरकारी योजनेतली नर्स बाळंतिणींची चौकशी करायला दर सोमवारी त्याच नंबरवर फोन करायची. सासूबाई हात पुसत उचलायच्या, बरी आहे हो ती, म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. घरचं गाऱ्हाणं परक्याला सांगायचं नाही, ही त्यांची रीत. त्यांच्या चार बाळंतपणांत त्यांना तरी कुणी विचारलं असेल?

योजनेचा कागद मी परवा वाचला, लेकीच्या दुपट्यांच्या घड्या घालता घालता. खाली बारीक अक्षरांत होतं: लागोपाठ तीनदा 'बरी' आलं, की घरभेटीच्या यादीतून नाव कमी.

लेक साडेतीन आठवड्यांची. अंगावर धड पीत नाही. माझ्या छातीला भेगा पडल्यात. ती झोपली की मी न्हाणीघरात नळ सोडून रडते, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. नर्सने एकदा येऊन बघावं, एवढंच हवं होतं.

सोमवारी फोन वाजला तेव्हा सासूबाईंचे हात पिठात होते. आई, मी घेते, म्हटलं. घे, पण रडगाणं नको, म्हणाल्या.

नर्सचा आवाज माझ्याहून दमलेला. हा आजचा एकतिसावा फोन, असं तिनेच सांगितलं. मग विचारलं, "कशी आहे बाळंतीण?"

"बरी आहे," मी म्हणाले.

तोंडातून निघूनच गेलं. पलीकडे पेन कागदावर घासलं.

"सिस्टर, खोडा ते. मीच बाळंतीण बोलतेय."

खोडलं की वरचे जाब विचारतात, म्हणाली. मग तिनेच विचारलं, "पुढे 'नाही' लिहू? 'बरी नाही.' मावतंय चौकटीत."

"लिहा."

बुधवारी येते, पण आधी दहा घरं आहेत, उशीर झाला तर रागावू नका, म्हणाली.

सासूबाई पीठ मळत राहिल्या. गोळा झाकून ठेवताना म्हणाल्या, "ती आली की माझे गुडघे दाखवीन म्हणते."

"ती फक्त बाळंतिणींना बघते, आई."

"मग राहू दे. बरी आहे मी."