देवीला वाहिलेल्या गोळ्या

मिरजगावात मच्छिंद्रला सगळे अण्णा म्हणायचे. गोजरबाईला मात्र सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याकडे चिमूटभर अक्कल सापडली नव्हती, आणि हे ती चार माणसांत, त्याच्या तोंडावर, हसत हसत सांगायची. बैल घेतला तर लंगडा, बी आणलं तर किडकं, आणि आजार लागला तोही शहरी माणसाचा. रक्तदाब! नांगर धरणाऱ्याला कधी रक्तदाब होतो का, असं म्हणून ती पोट धरून हसली होती.

पण नगरच्या डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकलं ते तिनंच. डॉक्टरांनी तेव्हा नवीनच निघालेली गोळी दिली होती, सकाळ-संध्याकाळ एकेक. "ही काळजाचे ठोके आवरून धरते," ते म्हणाले होते. "बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं सोडायची नाही. एकदम सोडली तर दावं तुटलेल्या बैलासारखं काळीज उधळेल. बंद करायची झाली तर मी करीन, हळूहळू. आणि एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत." मच्छिंद्रनं मान डोलावली. नंदीबैलसुद्धा तेवढं करतो.

उन्हाळा-पावसाळा गोळीनं गुण दिला. मग नवरात्राचे घट बसले आणि मच्छिंद्रनं नऊ दिवसांचा उपास धरला. देवळाच्या ओट्यावरच्या मंडळींनी निकाल दिला की, गोळीत काय कालवलेलं असतं कुणाला ठाऊक, तेव्हा गोळीनं उपास मोडतो. हे पंडित स्वतः दिवसभर तंबाखू मळणारे! तंबाखूनं त्यांचा उपास मोडत नव्हता. त्यांतला एक सूर्यभान हे सांगायला घरी आला, तर गोजरबाईनं त्याला दारातूनच झाडला आणि नवऱ्याकडे डोळे वटारून बघितलं. मच्छिंद्र पुटपुटला, "बरं बरं, घेतो की." रोज दोन्ही वेळा तो गोळी मुठीत घेऊन देवघरात जायचा. देवीपुढं बसून घेत असेल, असं तिला वाटलं.

पाचव्या माळेच्या सकाळी देवघरातून बाहेर येता येता तो भिंतीला टेकून खालीच बसला. घामानं सदरा भिजलेला, हात छातीवर. "लई धडधडतंय," तो म्हणाला. गोजरबाई अंगारा आणायला देवघरात धावली. घटाजवळचं विड्याचं पान सरकलं आणि तिला खाली पांढऱ्या गोळ्या दिसल्या. नऊ. ओळीनं मांडलेल्या, आणि एकेकीला हळद-कुंकू लावलेलं.

गोळ्या ओंजळीत घेऊन ती बाहेर आली. "ह्ये काय हाय?"

"देवीला वाहिल्या. रोग बी तिचा, गोळ्या बी तिच्या."

"देवीला रक्तदाब झालाय व्हय?"

पण तोवर मच्छिंद्रला मरणाचं भय चढलं होतं. त्यानं तिच्या ओंजळीवर झडप घातली. "आन हिकडं! समद्या एकदम घेतो, ऱ्हायलेल्या भरून निघत्याल."

गोजरबाईनं त्याच्या हातावर चापट मारली. "पाच दिसांचं जेवान एका टायमाला जेवाल का? एक बी घ्यायची न्हाई. डाक्टर सांगतील तवा."

शेजारच्या सहादेवचा मालट्रक नगरला निघालाच होता. केबिनमध्ये मच्छिंद्र तिच्या खांद्यावर डोकं टाकून होता आणि ती वाटभर त्या ओट्यावरच्या रिकामटेकड्यांना शिव्या घालत होती. शिव्या थांबवल्या असत्या तर तिला रडू कोसळलं असतं.

डॉक्टरांनी दाब मोजला, बराच वेळ नाडी धरली आणि त्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं. स्वतः जवळ थांबून त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठोके ताळ्यावर आले.

"अजून दोन दिवस गेले असते, तर यांना आणायची वेळच आली नसती," डॉक्टर चिडून म्हणाले. "मच्छिंद्रराव, उपासाची शंका होती तर बाईंना विचारायचं. त्यांना माझा शब्दन्‌शब्द पाठ आहे."

मच्छिंद्रनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ती हसली असती," तो म्हणाला.

गोजरबाईच्या जिभेवर झणझणीत उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं. ती खाटेच्या कडेला बसली, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की नवऱ्याकडे बघवेना.