कोरे राहिलेले साडेतीन तास

“फाईल जाड झाली की वकिलाला बरं वाटतं बघ, ऋचा. पोराला त्याचं काय?” शिवलीला अक्कांनी हे जूनमध्येच बजावलं होतं. अक्का मूळच्या बेळगावच्या, तीस वर्षं बालकल्याणाच्या कामात मुरलेल्या. ऋचा बाल कल्याण समितीपुढे मुलांची बाजू मांडणारी नवी वकील. तिनं हसून “हो अक्का” म्हटलं आणि सोडून दिलं. जुन्या माणसांना कागदांचा रागच असतो, झालं.

ऑगस्टमध्ये बसवनगुडीत वकिलांचं प्रशिक्षण ठेवलं, ते घ्यायला अक्काच. ऋचाच्या पिशवीत अनुषाची फाईल होती. सहा वर्षांची अनुषा; दारूच्या नशेत मामानं तिचा हात मोडला, तेव्हापासून पाच महिने बालगृहात. तिला आईकडे पाठवायचं की नाही, हे सोमवारी ठरणार होतं. आईला व्हाइटफील्डला नोकरी लागलेली, समुपदेशन पूर्ण, मामा घर सोडून गेलेला. ऋचा ‘हरकत नाही’ लिहून मोकळी झाली होती.

अक्कांनी कायद्याचं एकही कलम काढलं नाही. कोरे कागद वाटले. “आपापल्या घरच्या पोराचा उद्याचा दिवस लिहा. कोण उठवतं, कोण आणतं, रडलं तर कोणाकडे जातं.”

“माझं पोर रडत नाही अक्का, मलाच रडवतं!” मागून मंजुनाथ वकील म्हणाला. हशा पिकला.

ऋचाचा कागद पाच मिनिटांत भरला. अडीच वर्षांचा शौर्य डबा कधी संपवतो, पाळणाघरात कुठली ताई झोपवते, कुठल्या कुशीवर झोपतो. दर तासाला फोनवर पाळणाघराचा कॅमेरा बघणारी आई ती; तिला काय ठाऊक नसणार?

“सरी, ठीक. आता कागद पालटा. फाईलमधल्या पोराचा दिवस लिहा. नाव नको.”

आठला शाळेची बस. चारला बस परत. आईची ऑफिसची कॅब परत येणार संध्याकाळी साडेसातला. आणि मध्ये? ऋचाचं पेन अडलं. बासष्ट पानं उलटसुलट चाळली. कुठेच नाही.

अक्का शेजारी येऊन टेकल्या. टोमणा नाही, ‘सांगितलं होतं’ नाही. “आईलाच विचार की. पण ‘कोणी असतं ना’ असं विचारू नको, ती हो म्हणून मोकळी होईल. बसपाशी कोण उभं राहणार, ते विचार.”

ऋचानं बाहेर जाऊन अनुषाच्या आईला, प्रतिमाला, फोन लावला.

“माझा भाऊच आणेल ना,” प्रतिमा सहज म्हणाली. “खालच्या मजल्यावरच खोली घेतलीय त्यानं. आता पीत नाही हो तो. आणि मला दुसरं आहे कोण?”

ऋचा तडक आत आली. “अक्का, बसवरून मामाच आणणार तिला! पोरगी घरी जाता कामा नये!”

“का? आई मारते?”

“नाही. जीव आहे तिचा पोरीवर.”

“मग आईपासून कशाला तोडतेस? धोका कोण, ते कळलं. पोरीला स्वतःला वाचवता येत नाही, तेही कळलं. दोघांच्या मध्ये उभं राहील असं माणूस शोध. स्वल्प वेळ माग.”

सोमवारी ऋचानं समितीपुढे आपली चूक स्वतःच्या तोंडानं सांगितली आणि पंधरा दिवस मागून घेतले. त्या पंधरा दिवसांत समितीच्या सांगण्यावरून मामाला ती इमारत सोडावी लागली, आणि चार ते साडेसात अनुषाला सांभाळायला प्रतिमाच्या शेजारच्या दारामागे भागुबाई सापडल्या. साठीच्या, एकट्या, गुडघ्यांनी बेजार.

“मामा आला तर काय कराल?” समितीनं विचारलं.

“दार उघडणार नाही. पोलिसांना फोन. आणि ते येईपर्यंत इतका आरडाओरडा की अख्खी गल्ली गोळा होईल. गुडघे गेलेत हो माझे, आवाज नाही गेला.”

अनुषा घरी गेली. तिसरा महिना चालू आहे. ऋचा दर आठवड्याला जाऊन बघते. भागुबाई एक दिवस चुकलेल्या नाहीत, तापातही नाहीत. मात्र त्या तापात त्यांना औषध आणून द्यायला कोणी नव्हतं, हे ऋचाला चार दिवसांनी कळलं. तेव्हापासून ती भेटेल त्याला एक गोष्ट मागते, तुमच्याकडेही तीच: तुमच्या मजल्यावर कोणी दुसऱ्याचं पोर सांभाळत असेल, तर आज त्यांचं दार वाजवा. जेवलात का, बरं आहे ना, एवढं तरी विचारा.